बाबांनी गाई नाकारल्या आणि सासरच्यांच्या लेखी लग्न अर्धंच राहिलं

या वेळचं पत्र नैरोबीहून आलंय. लिहिणारी मूळची साताऱ्याची, नवरा केनियातला, लुओ समाजाचा, गाव सियाया काउंटीत, तो पुण्यात शिकायला होता तेव्हा ओळख झाली. चार वर्षांपूर्वी नैरोबीत रजिस्टर लग्न केलं, मग साताऱ्यात मोजक्या लोकांत विधी. ती लिहिते की लग्नाआधी सासरचे गाई द्यायचं बोलायला लागले तेव्हा बाबांनी फोनवर सांगितलं, आम्ही मुलगी विकत नाही, आणि विषय तिथंच संपला. पण सासूबाई आजही म्हणतात की लग्न पूर्ण झालेलं नाही. विधीत बाबा पाय धुवायला बसले तर नवरा उठून उभाच राहिला, आणि साताऱ्याला आला की घरी न झोपता हॉटेलात जातो, आई दुखावलीय. तिकडे सारखं कुणाचं तरी मयत, ग्रुपवर वर्गणी, भावंडांच्या फिया, आणि आता गावी घर बांधायला त्यानं हिला न विचारता सॅकोमधून, म्हणजे तिथल्या पतसंस्थेतून, लोन काढलं. ती पाच महिन्यांची गरोदर आहे, आणि मावशीनं बाळाच्या रंगावरून नको ते बोलून ठेवलंय. शेवटी विचारलंय, "ताई, मी यांच्यात कधी सामावणारच नाही का? दुसरी बायको केली तर? आणि उद्या याला काही झालं तर माझं काय?"

प्रिय मैत्रिणी,

पत्रात तू सगळ्याच भांडणांना कल्चर म्हटलंयस, मला तसं वाटत नाही. गाई आणि हॉटेल हे चालीरीतीचं आहे आणि ते सुटण्यासारखं आहे, खरं तर लवकर सुटेल. वर्गणी आणि फिया हा हिशेबाचा प्रश्न आहे. आणि लोनचं जे झालंय ते लुओंमध्ये, मराठ्यांमध्ये, कुठंही चूकच आहे, त्यावर शेवटी बोलते कारण ते मला सगळ्यात जास्त खटकलंय.

आधी गाई. तुझ्या बाबांचा राग मला पूर्ण कळतो. हुंड्यापायी आपल्याकडे किती मुली गेल्या, १९६१ चा कायदा असूनही अजून जातायत, त्यामुळे लग्नात देण्याघेण्याचं नाव निघालं की भल्या घरातला बाप पहिल्यांदा नाहीच म्हणणार, आणि म्हणायलाच पाहिजे. पण तिकडे ते कसं ऐकलं गेलं ते बघ. लुओंमध्ये मुलाकडची माणसं मुलीच्या घरी जातात, पहिल्यांदा मुलीच्या आईला आयिए देतात, म्हणजे आईची संमती मागायची आणि तिचा मान म्हणून काहीतरी ठेवायचं, त्यानंतर गाईंचं बोलणं होतं, आता बरेचजण थोड्या गाई आणि बाकी रोख असं करतात. आणि हे एका दिवसात फिटत नाही, नातवंडं शाळेत जायला लागली तरी कित्येकांच्या गाई द्यायच्या बाकी असतात, त्यात फार काही वाटून घेत नाहीत, कारण देणं चालू आहे म्हणजे दोन घरांचं येणंजाणं चालू आहे. बाबांनी घ्यायलाच नकार दिला म्हणजे सासरच्यांच्या कानाला ऐकू गेलं की मुलीच्या घराला आमच्याशी सोयरीक नको. तुझ्या सासूबाई लग्न अपुरं म्हणतात तेव्हा त्या तुला कमी लेखतायत असं मला दिसत नाही, मला दिसतंय की त्या चार वर्षं तुझ्या आईच्या होकाराची वाट बघतायत.

आणि हे काहीतरी परकं, आफ्रिकेतलंच आहे असंही बाबांनी समजू नये. नंदुरबार-धुळ्याकडच्या भिल्लांत मुलाकडून मुलीच्या घरी देज जायची पद्धत आहेच, शहरातल्या आपल्या लोकांना ती माहीत नसते एवढंच. मी देजाची बाजू घेत नाहीये हं. जिथं मुलीच्या डिग्रीवरून आकडा चढवतात, किंवा एवढं दिलंय म्हणून मार खाल्लेल्या मुलीला माहेरी ठेवून घेत नाहीत, तिथं ही प्रथा बायकांच्या मुळावरच उठते. शेजारच्या युगांडात सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये घटस्फोटाच्या वेळी देज परत मागणं घटनाबाह्य ठरवलं, ते बायकांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या म्हणूनच. पण तुझ्या केसमध्ये कुणी भाव करत नाहीये, मागणारं कुणी नाहीये, ते द्यायला बसलेत.

मला वाटतं तुम्हा दोन घरांमधला सगळा घोळ यात आहे की मानाची दिशा उलटी आहे. आपल्याकडे मुलाकडचे वरचे. मानपान त्यांचा, रुसवा विहिणीचा, जावयाचे पाय धुवायचे, धोंड्याच्या महिन्यात त्याला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं. लुओंमध्ये मुलीकडचे वरचे, त्यांनी लेक दिली म्हणून, आणि जावई त्यांच्यासमोर कायम खालमानेनं, विशेषतः सासूसमोर. सासूच्या घरात मुक्काम करायचा नाही हा तिकडचा पक्का नियम आहे, तो मोडणं म्हणजे सासूची मर्यादा मोडणं, काही घरांत तर अशानं चिरा लागते, म्हणजे घरावर काहीतरी अरिष्ट येतं, असं मानतात. आता विचार कर, ज्या माणसाला लहानपणापासून हे शिकवलंय त्याच्या पायाशी त्याचा सासरा तांब्या घेऊन बसला. तो उठून उभा राहिला नसता तरच नवल. आणि तुझी आई पोळ्या करून, गादी घालून वाट बघत बसली तर हा हॉटेलात. तिला वाटलं आपलं घर याला कमी पडतं, त्याला वाटलं आपण सासूचा मान राखतोय, दोघांनीही आपापल्या परीनं चांगलंच केलं आणि दोघंही दुखावले.

हे तू आईला सांगितलंयस का? पत्रावरून तरी वाटतं की नाही, तू फक्त "त्यांच्यात तसं असतं" म्हणून मोकळी झालीस. नीट सांग. आईला पटकन कळेल असं एक उदाहरणही घरातच असेल, आपल्या आजीच्या पिढीत मुलीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी माणसं होती, त्यात लेकीचा राग नव्हता, मर्यादा होती. पुढच्या वेळी मुक्कामाची सोय शेजारीपाजारी किंवा काकांकडे कर म्हणजे तो तिथं झोपेल आणि दिवसभर आईकडे जेवेल-खाईल. आणि नवऱ्यालाही सांग की आल्याआल्या आईला स्वतःच्या तोंडानं सांग, मी इथं का झोपत नाही. त्याला मराठी तोडकंमोडकं येतं म्हणतेस, तेवढं पुरे.

गाईंचं मी असं करेन. बाबांशी आधी बोल, तत्त्व सोडा असं म्हणू नकोस, त्यांना तत्त्व पाळूनच घेता येईल असं सांग. केनियाच्या २०१४ च्या विवाह कायद्यात लिहिलेलंच आहे की रीतीप्रमाणे झालेलं लग्न सिद्ध करायला नाममात्र देज दिलं तरी पुरतं. तुमचं रजिस्टर लग्न आहे त्यामुळे कायद्याला याची गरजच नाही, पण सासरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हे कामाला येतं, की नाममात्र घेणं हे काही तुमच्या रीतीची थट्टा नाही, तुमच्याच देशानं ते मान्य केलंय. आई-बाबांना बाळंतपणासाठी नैरोबीला बोलावणार आहेसच, तेव्हाच सियायाच्या लोकांनी येऊन आईच्या हातात आयिए द्यावं. हा कार्यक्रम साताऱ्यात नको, केनियातच कर, कारण आपल्या हुंडाबंदी कायद्याची व्याख्या दोन्ही बाजूंच्या देण्याला लागू होते, उगाच तो घोळ कशाला. आईनं ते पैसे घ्यावेत, परत करू नयेत, परत केलं की पुन्हा नकारच झाला. हवं तर ते बाळाच्या नावानं ठेवा. आणि आईनं सासूबाईंना लुगडं-खण द्यावा, पाहुण्यांना पोटभर जेवायला घालावं, मुलीकडच्यांनी जेवू घालणं तिथंही अपेक्षित असतंच.

एक गोष्ट मात्र तुला स्वतःला करायला लागेल, सासूबाईंशी थेट बोलायला. तू लिहितेस नवरा मध्ये भाषांतर करतो. चार वर्षं दोन बायकांमध्ये मुलगा दुभाषी असेल तर दोघींनाही त्याच्या सोयीचं तेवढंच कळणार. तू नैरोबीत राहून स्वाहिली शिकलीस, चांगलंय, पण त्यांची भाषा ढोलुओ आहे, ती रोज थोडी शिक, चुकत बोल. बोलायला लागलीस की त्याही तुला आपलं मानायला लागतील, हे मी खात्रीनं सांगते.

आता पैसा. तू वैतागून लिहिलंयस की "मी एका माणसाशी लग्न केलं की पन्नास". मला तुझा वैताग खरा वाटतो, नोकरी तूही करतेस आणि दर महिन्याला एम-पेसावरून, म्हणजे मोबाईलनं, पैसे जातात ते बघून कुणाचाही जीव खालीवर होईल. पण तूच पुढं लिहिलंयस की त्याला पुण्याला पाठवायला चुलत्यांनी गुरं विकली होती आणि गावात हारांबे झाली होती, म्हणजे सगळ्यांनी मिळून पैसे गोळा केले. मग आता त्या चुलत्यांची मुलं हायस्कूलला आहेत, बोर्डिंगची फी दर टर्मला भरायला लागते, ती मागायला ते याच्याचकडे येणार. ही भीक नाही, हे येणं आहे त्यांचं. तू याला दान समजतेस म्हणून तुझं चिडणं आणि तो कर्ज समजतो म्हणून त्याचं गप्प बसणं. तेव्हा बंद करायचं नाही, ठरवायचं. दोघांच्या पगारातून महिन्याला किती हे एकदा बसून लिहा, बाळाचा खर्च आधी काढून. त्यात कुणाची फी, कुणाचं औषध, मयताची वर्गणी, सगळं. ते संपलं की संपलं, पुढच्या महिन्यात. आणि नाही म्हणायचं काम त्याचं, तुझं नाही. "बायको देऊ देत नाही" असं एकदा जरी तो गावी म्हणाला तरी तुझं नाव कायमचं खराब होईल, हे त्याला बजावून सांग.

मयताचं थोडं वेगळं आहे. लुओ माणूस नैरोबीत वारला तरी माती गावीच, बॉडी साडेतीनशे किलोमीटर किंवा त्याहून लांब न्यायची, संध्याकाळी कमिटीच्या मीटिंगा, वर्गणी, गावी रात्रभर जागरण, शेकडो माणसांचं जेवण. बाहेरून बघणाऱ्याला हा उधळेपणा वाटतो, पण कोण आलं आणि कोण नाही आलं हे तिथं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. जवळच्या माणसाच्या मयताला तू स्वतः जा, पोटात बाळ आहे म्हणून आता नको, पण पुढं जा. लांबच्यांना फक्त वर्गणी. हा फरक नवऱ्यानं करायचा, त्याला कळतं कोण जवळचं.

घराचा आग्रह का आहे तेही समजून घे. तुझा नवरा थोरला आहे. थोरल्याचं घर वडिलांच्या आवारात उभं राहिल्याशिवाय धाकट्यांनी आपलं बांधायचं नाही अशी रीत आहे, म्हणजे दोन दिरांचं अडलंय, आणि सासरे आता थकलेत म्हणतेस. तर घर बांधावं, पण लहान बांधावं. कारण कायद्यानं बघितलं तर परदेशी नागरिकाला केनियात जमिनीची मालकी मिळत नाही, फक्त जास्तीत जास्त ९९ वर्षांचा भाडेपट्टा, आणि हे तर वडिलोपार्जित आवार, सातबारा म्हणशील तर तो सासऱ्यांच्या नाहीतर त्यांच्याही वडिलांच्या नावावर असेल. तिथं घातलेला पैसा विकून परत काढता येत नाही. तेव्हा तुझी बचत त्यात घालू नकोस, थोडी घातलीसच तर बँकेतून किंवा एम-पेसावरून दे म्हणजे नोंद राहील, २०१३ च्या वैवाहिक मालमत्ता कायद्यात कुणी किती घातलं याला किंमत आहे. तुमची खरी गुंतवणूक नैरोबीत, दोघांच्या नावावर.

"याला काही झालं तर", हे तू एका ओळीत लिहिलंस पण मला वाटतं रात्री झोप उडते ती यानंच. तुझ्या शेजारणीनं तुला ओटिएनो खटल्याची गोष्ट सांगून घाबरवलंय. ती खरी आहे. एस. एम. ओटिएनो हे नैरोबीतले नावाजलेले लुओ वकील, डिसेंबर १९८६ मध्ये वारले. त्यांची बायको वांबुई किकुयू या दुसऱ्या समाजाची, ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊच्या लढ्यात भाग घेतलेली बाई, तिचं म्हणणं होतं की त्यांना नैरोबीजवळ आपल्या जागेत पुरायचं, कुळाचं म्हणणं होतं सियायातल्या न्यालगुंगा गावी. पाच महिने बॉडी शवागारात, कोर्टाबाहेर गर्दी, आणि मे १९८७ मध्ये अपील कोर्टानं कुळाच्या बाजूनं निकाल दिला. वांबुई त्या दफनाला गेल्याच नाहीत. मला ती बाई फार मोठी वाटते, आणि तो निकाल मला अजूनही अन्यायाचा वाटतो, बायको म्हणून इतकी वर्षं संसार केलेल्या बाईचा शब्द शेवटी कुळापुढं टिकला नाही. पण त्यानंतर २०१० ची राज्यघटना आली, तिच्यात नवरा-बायकोला लग्नात समान हक्क लिहिलेत. आणि विधवेला दिराच्या किंवा कुळातल्या कुणाच्या गळ्यात बांधायचं ते तेरो, त्याची जबरदस्ती २०१५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात हिंसाच धरली जाते. कुणी तुला तसं करायला लावू शकत नाही. तरीही कायद्यावर विसंबून राहू नकोस, नवरा धडधाकट आहे तोवरच मृत्युपत्र करून घ्या, दोघांनीही. दफन कुठं हे मात्र त्याला मनापासून विचार, आणि तो गावीच म्हणाला तर ऐक. त्याला आपल्या आवारात, आपल्या माणसांत जायचं असेल तर त्यावर तू भांडू नयेस असं मला वाटतं, तुझा हक्क राहत्या घरावर, पैशांवर, मुलावर आहे, तो पक्का कर.

दुसऱ्या बायकोचं: तुमचं रजिस्टर लग्न आहे, केनियाच्या कायद्यात ते एकपत्नीच असतं. रीतीप्रमाणे झालेलं लग्न तिथं बहुपत्नी असू शकतं, रजिस्टर लग्न असेपर्यंत त्याला दुसरं करता येत नाही. सर्टिफिकेटची कॉपी साताऱ्यालाही ठेव.

मावशीला तू उत्तर दिलं नाहीस म्हणून स्वतःला दोष देतेयस. ते उत्तर आईनं द्यायला पाहिजे, आणि बाळ व्हायच्या आधी. तुझा नवरा भारतात यायला टाळाटाळ करतो म्हणतेस ना, २०१६ मध्ये बंगळुरात टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावानं मारहाण केली, २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन मुलांना, तो त्या काळात पुण्यात खोली शोधत फिरत होता, त्याला कुणी काय काय म्हटलं असेल ते त्यानं तुला सगळं सांगितलंही नसेल. आपल्या माणसांनी केलेल्या या गोष्टीची मला मनापासून लाज वाटते. ज्या घरात तुझ्या बाळाच्या रंगावर बोललं जातं त्या घरी बाळाला नेऊ नकोस, मग ती सख्खी मावशी का असेना.

नावावरून भांडू नका, बारशात आपण तसंही एकाहून जास्त नावं ठेवतो. रात्री झालं तर ओटिएनो किंवा आटिएनो, सकाळी झाली तर आकिन्यी, असं वेळेवरून एक लुओ नाव, शिवाय सासूबाईंना हवं ते पूर्वजांचं, आणि तुझ्या आवडीचं मराठी, सगळी मावतील. पासपोर्टचं आधी ठरवा, बाप केनियन असल्यामुळे बाळ जन्मानंच केनियन नागरिक आहे, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा केनियन पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड, हा सरळ मार्ग. तुला स्वतःला लग्नाला सात वर्षं झाल्यावर केनियाचं नागरिकत्व मागता येतं, पण तेव्हा भारतीय सोडावं लागेल, तो विचार आत्ता नको.

आता लोन. सॅकोत जामीनदार लागतात, म्हणजे त्याच्या मित्रांना कळलं, दिरांना कळलं, आणि तुला कळलं हप्ता कापला गेल्यावर. यावर तो म्हणाला, "आमच्याकडे घराचं पुरुष ठरवतात." हे मान्य करू नकोस. त्याच्याच रीतीत नवीन आवार घालताना बायको सोबत लागते, तिच्याशिवाय ते होत नाही, मग तिला न सांगता त्याचं कर्ज कसं काढतो? गाई घे, आयिए घे, मयताला जा, भाषा शिक, हे सगळं मी तुला सांगितलं ते मनापासून, पण ते तू करायचं आणि त्यानं लपवायचं असं चालणार नाही. लोनचे कागद, हप्ते, किती वर्षं, जामीनदार कोण, सगळं त्याला टेबलावर मांडायला लाव, आणि यापुढं अमुक रकमेच्या वर काहीही दोघांच्या सहीशिवाय नाही असं ठरवून घे, सासऱ्यांच्या समोर ठरवलंस तर आणखी चांगलं, थोरल्या माणसांसमोर दिलेला शब्द तिथं मोडत नाहीत सहसा. चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, बोलेल नंतर. पण कागद दाखवायलाच तयार नसेल, किंवा आवाज चढवून, हात उचलून गप्प करत असेल तर मला लगेच कळव, आणि नैरोबीत फिडा-केनिया ही महिला वकिलांची संस्था आहे, बायकांना मोफत कायदेशीर मदत करतात, बाळंतपणाची वाट न बघता तिथं जा.

तुझी ताई